पावसात ट्रायथलॉन: उतरावं की घरी बसावं? (ठाणे-नवी मुंबईकर, या इकडे)

सोनटक्का | मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी, येत्या रविवारी नवी मुंबईत एक स्प्रिंट ट्रायथलॉन आहे. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. पोहायचं एका शाळेच्या उघड्या तलावात, तो ५० मीटरचा, म्हणजे पंधरा लांब्या. सायकलला ५ किमीच्या चार फेऱ्या, जाऊन-येऊन, रस्ता सकाळपुरता वाहनांना बंद. माझी ही पहिलीच स्पर्धा. वय ४१, राहणार नेरुळ, सायकल हायब्रिड, डिस्क ब्रेकची. चष्मा मायनस साडेतीन.

अडचण तुम्हाला खिडकीतून दिसतेच आहे. परतीचा पाऊस जायचं नाव घेत नाही. हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला शनिवार-रविवार ऑरेंज अलर्ट दिलाय. संयोजकांचा मेसेज आला की पावसात स्पर्धा होणार, विजांचं काय ते त्या वेळी ठरवू. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी कर. सासूबाई म्हणतात, एवढं पोहायला शिकलीस तर जाऊन ये.

पोहायला मी खास या स्पर्धेसाठी शिकले, त्यामुळे जीव तिथेच अडकलाय. ओल्या रस्त्यावर सायकल मात्र मी मुद्दाम कधी चालवलेली नाही, पाऊस आला की घरी. ज्यांनी पावसात केलंय त्यांनी सांगा. "काही होत नाही गं" असं सांगणारे घरी पुरेसे आहेत.

---

गप्पगुमान | मंगळवार, रात्री १०:४०

पैसे भरून भिजायचं? आम्ही फुकट भिजायचो.

बरं, आता खरं सांगतो. मुसळधार पावसात सकाळी सहाला रस्त्याची एक बाजू बंद करणार, म्हणजे पोलीस, रुग्णवाहिका, स्वयंसेवक पोरं, सगळी उघड्यावर उभी. तुम्ही हौसेने भिजाल, त्यांना हौस कसली? माझं मत, ऑरेंज लागला की अशा गोष्टी सरळ पुढे ढकलाव्यात. तुम्ही जाऊ नये असं नाही म्हणत. त्यांनी भरवूच नये.

---

पारसिक_चढ | बुधवार, सकाळी ६:४८

सोनटक्का, आधी ऑरेंज म्हणजे काय ते बघू. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. आकडा चोवीस तासांचा असतो आणि जिल्ह्यात कुठेतरी एवढा पडेल असा त्याचा अर्थ. आपला जिल्हा शहापूरच्या डोंगरापासून बेलापूरच्या खाडीपर्यंत पसरलाय. तुमची स्पर्धा दोन तासांची. तेव्हा मंगळवारी रंग बघून रविवारचा निर्णय घेऊ नका. त्या पहाटे खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा आणि मुंबईच्या रडारचं चित्र बघा. मार्ग खारघरकडे असेल तर रायगडचा इशाराही बघायला हवा, कारण खारघर रायगडमध्ये येतं. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

पाऊस आणि वीज यांची गल्लत करू नका. पावसावर काहीतरी उपाय आहे. विजेवर उपाय एकच, पाण्यातून बाहेर आणि आडोशाला.

आता सायकल. पावसात बिघडतं ते इथेच. पोहताना तसेही भिजलेले असता आणि धावताना पडलात तरी गुडघा सोलवटतो इतकंच. तुमच्या मार्गावर चार फेऱ्या, दर फेरीला दोन यू-टर्न, म्हणजे एकूण आठ वळणं. प्रत्येक वळण अगदी भाजी आणायला निघाल्यासारखं घेतलंत आणि दहा-दहा सेकंद गमावलेत, तरी झाले ऐंशी सेकंद. हे ऐंशी सेकंद आज, घरात बसून, सोडून द्या. स्पर्धेत शेजारून कोणी सपकन गेला की डोकं चालत नाही, म्हणून आजच.

वळण कसं घ्यायचं ते सांगतो. ब्रेक सगळा वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना, दोन्ही हातांनी हळूहळू दाबून. वळणात शिरलात की ब्रेकला हात नाही आणि पेडलही मारायचं नाही. बाहेरचा पाय खाली, वजन त्याच्यावर, नजर जिथे जायचंय तिथे. पांढरे पट्टे, झेब्रा, गटाराची लोखंडी झाकणं, पुलावरचे सांधे, हे सगळं ओलं झालं की साबणच. त्यांच्यावरून काटकोनात, सरळ सायकलने जा. डबक्यातून जाऊ नका, आत खड्डा आहे की नाही हे फक्त महापालिकेला माहीत, आणि तेही नक्की नाही.

कोरड्यानंतर पहिला अर्धा तास पडणारा पाऊस सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं तेल वर येतं. रात्रभर धो धो पडला असेल तर उलट रस्ता धुतलेला मिळतो.

ऑलिंपिकवालेही घसरतात, तेव्हा लाज नको. ३१ जुलै २०२४ ला पॅरिसला महिलांची शर्यत ओल्या रस्त्यावर झाली, जगातल्या उत्तम सायकलपटू वळणांवर आडव्या झाल्या. टोकियोत २७ जुलै २०२१ ला वादळी पावसामुळे महिलांची सुरुवात पंधरा मिनिटं लांबवली होती, मग त्याच ओल्या रस्त्यावर बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने आपल्या देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

सरावासाठी शनिवारची वाट बघू नका. आज संध्याकाळी पाऊस असताना सोसायटीच्या आवारात किंवा बंद रस्त्यावर वीस यू-टर्न मारून बघा. पाम बीच रस्त्यावर नको, तिथे गाड्या कुठल्या वेगाने येतात ते तुम्हाला नेरुळकरांना मी काय सांगणार.

---

चेनलूब | बुधवार, सकाळी ९:०५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, माझी थोडी भर.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी ठेवा, रस्त्याला जास्त रबर टेकतं. दुकानदार सांगेल की गुळगुळीत टायर काढा, खाचांचे लावा. ऐकू नका. पाण्यावर तरंगून घसरणं हा चारचाकीचा प्रकार, सायकलच्या अरुंद टायरला आपल्या वेगात तो होत नाही. पकड येते ती मऊ, ताज्या रबरामुळे. टायर वाळून चिरा पडल्या असतील तर मात्र आजच बदला, स्पर्धेच्या दिवशी नवा कोरा टायर नको.

डिस्क ब्रेक आहेत, नशीबवान आहात. आमच्या जुन्या रिम ब्रेकला चाकाचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, ब्रेक लागतो दुसऱ्या फेऱ्यात. फक्त चेनला तेल घालताना डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका. ओल्या हवेसाठीचं दाट तेल शनिवारी रात्री घाला, दहा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्या.

चष्मा: पोहायचा नंबरचा गॉगल मिळतो, महाग नाही. सायकलवर हेल्मेटखाली पुढे छोटी चोच असलेली टोपी घाला, निम्मं पाणी तीच अडवते. काचेला आतून लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून पुसला की वाफ धरत नाही.

जाता जाता, स्पर्धेनंतर सायकल तशीच बाल्कनीत टेकवणारे लोक मला माहीत आहेत. सीटची दांडी काढून सायकल उलटी करा, आत पाणी साठतं. गाड्या धुणाऱ्याकडचा जोराचा फवारा मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं.

---

एरोबार | बुधवार, दुपारी १:३०

ऐंशी सेकंद सोडा म्हणे! आमच्या वयोगटात तिसऱ्या-चौथ्यात वीस सेकंदांचा फरक असतो. असं सोडत बसलं तर घरीच बसावं. टायर चांगले असतील तर वळणं घेता येतात.

---

पारसिक_चढ | बुधवार, दुपारी १:५२

तुमचं तिसऱ्या-चौथ्याचं असेल तर तुम्ही या धाग्यावर विचारत नसता. धागा सोनटक्काताईंचा आहे. त्यांची पहिली स्पर्धा आणि सोमवारी ऑफिस.

---

स्टेथो_ठाणे | बुधवार, रात्री ११:१८

ओपीडी आत्ता संपली, उशिराने लिहितोय.

पावसात तहान लागत नाही आणि गरम होत नाही, हे दोन्ही गैरसमज. आपल्याकडे या दिवसांत हवा इतकी दमट असते की घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला ऑगस्टच्या पावसातही गरगरून बसलेले लोक मी पाहिलेत. स्पर्धेत तासाला साधारण अर्धा लिटर, मीठ-साखर घातलेलं, घोट घोट. धास्तीने लिटरभर ढोसूही नका, रक्तातलं सोडियम उतरतं, ते जास्त वाईट.

दुसरं लेप्टो. हे मात्र नीट वाचा. १९९८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डला तळ्यात पोहण्याची ट्रायथलॉन झाली. आधी तिथे भरपूर पाऊस झालेला, आजूबाजूचं सगळं तळ्यात वाहून आलेलं. नंतर ८३४ स्पर्धकांकडे चौकशी केली तर ९८ जण तापाने आजारी पडलेले निघाले. लेप्टोस्पायरोसिसची साथ होती, आणि ज्यांच्या पोटात तळ्याचं पाणी गेलं त्यांना धोका जास्त होता. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात. तुम्ही क्लोरीनच्या तलावात पोहणार, तिथली काळजी नाही. पण तुंबलेल्या पाण्यातून धावणार असाल आणि टाचेला चप्पल लागून जखम असेल, तर तेवढं पुरतं. जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. आल्यावर साबणाने पाय धुवा. घाण पाण्यात उतरावंच लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते तो ठरवेल. शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नका. पुढच्या दोनेक आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर "पावसाच्या पाण्यात धावले होते" हे वाक्य आपणहून बोला. आम्ही विचारू, पण गर्दीत राहून जातं.

घटस्थापना झालेली आहे. उपास असतील तर त्या सकाळी सोडा. देवी समजून घेते.

---

काठावरचा | गुरुवार, सकाळी ८:२२

मी स्वतः काही करत नाही, माझी बायको करते. मी छत्री धरतो. तेव्हा नवऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द.

त्यांना घरी ठेवू नका, बरोबर न्या. घरी बसून काळजी करणारा माणूस दर पाच मिनिटांनी फोन करतो आणि फोन तुमच्या पिशवीत असतो. त्याला काम द्या. कोरडे कपडे, टॉवेल, थर्मासमध्ये चहा, गाडीच्या सीटवर घालायला प्लॅस्टिक. उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा, यू-टर्नच्या थोडं पुढे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला अजिबात नाही. कारण सायकल घसरली की तिकडेच येते.

आणि वडापावची गाडी कुठे आहे ते बघून ठेवा. संपल्यावर केळं कोणालाच नको असतं.

---

शिट्टी | गुरुवार, रात्री ९:४७

मी अशा स्पर्धांना रस्त्यावर शिट्टी घेऊन उभा असतो, तेव्हा गप्पगुमान यांच्या मुद्द्यावर बोलायचा मला हक्क आहे. आम्हाला उभं राहायची हौस असते, म्हणून उभे राहतो. बाकी त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्पर्धा भरवायची की नाही याचा निर्णय स्पर्धकाच्या हिमतीवर नसतो. रुग्णवाहिका टोकापर्यंत पोचते का, वळणावरचा माणूस सायकलवाल्याला दिसतो का, यावर असतो.

आतून कसं चालतं ते सांगतो. वीज चमकली की मोजायला सुरुवात. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, तलाव रिकामा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी पाण्यात नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. लोक ओरडतात, पण यात घासाघीस नसते. तलावाचा दुसरा नियम असा की काठावरून तळ दिसला पाहिजे. पावसाने पाणी गढूळ झालं आणि तळ दिसेना, तर बुडणारा माणूसही दिसत नाही, म्हणून पोहणं बंद.

पोहणं रद्द झालं तर बहुधा ड्युएथलॉन करतात. स्प्रिंटला ५ किमी धावणं, २० किमी सायकल, परत अडीच किमी धावणं. म्हणजे तुम्हाला कोरड्या बुटांची योजना बदलावी लागेल, कारण सुरुवातच धावण्याने. मोज्यांचा दुसरा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सायकलपाशी. बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या लावा, ओल्या बोटांनी गाठ बसत नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पावसाच्या घाईत सगळ्यात जास्त शिट्ट्या मी यासाठी मारतो. पुढच्या सायकलपासून १० मीटर अंतर हा हौशी गटांचा नियम आहेच, ओल्यात आणखी ठेवा, नाहीतर त्याच्या चाकाचं पाणी तुमच्या तोंडात. जाकीट घातलंत तर नंबर झाकू नका.

पुढे ढकलणं हेही या खेळात जुनंच आहे. हवाईतली आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन १९७८ ला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी खराब हवेमुळे एक दिवस पुढे गेली, उतरले जेमतेम पंधरा जण. पॅरिसला पुरुषांची शर्यतही सीन नदीचं पाणी पावसाने खराब झाल्यामुळे ३० जुलैची ३१ ला नेली. तेव्हा रविवारी कोणी माईकवर "थांबा" म्हणालं तर त्याला शिव्या देऊ नका. तो आदल्या रात्रीपासून झोपलेला नसतो.

---

गप्पगुमान | गुरुवार, रात्री १०:०५

शिट्टी, मान्य. हौसेचा शब्द मागे. पुढे ढकलण्याचा मुद्दा कायम.

पण एक सांगा, फी परत मिळते का? नाही ना? मग माणूस पैसे वसूल करायला उतरतोच. तिथेच गोम आहे.

---

पारसिक_चढ | गुरुवार, रात्री १०:३१

फी अर्ज भरला त्याच दिवशी गेली. उतरलात तरी गेली, नाही उतरलात तरी गेली. त्या पैशाचा रविवारच्या निर्णयाशी संबंध लावला की चुकीच्या कारणासाठी माणूस सायकलवर बसतो. मी गोव्याच्या ७०.३ ची (म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनची) फी भरून एकदा ताप असताना घरी बसलोय. वाईट वाटलं. पुढच्या वर्षी परत भरली.

---

सोनटक्का | शुक्रवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्यांना एकेक उत्तर लिहीत नाही, सायकल पुसायची आहे.

बुधवारी आणि काल संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर यू-टर्न मारले. वॉचमनकाका आधी हसत होते, मग छत्री घेऊन "अजून आतून घ्या मॅडम" म्हणून शिकवायला लागले. सुरुवातीला हात आपोआप ब्रेककडे जात होता, काल शेवटी-शेवटी गेला नाही. ऐंशी सेकंद सोडले. लिहून फ्रिजवर लावलेत, नवऱ्याने वाचले आणि तो जरा निवळला. त्याला थर्मासचं काम दिलंय.

नंबरचा गॉगल आणला. टाचेवर पट्टी. उपास नाहीत. पोहण्याचं मात्र धाकधूक आहे. पोहण्याची नव्हे, रद्द होण्याची.

---

चेनलूब | शनिवार, रात्री ८:५०

सायकल रात्री झाकून ठेवा, हवा सकाळी भरा. झोपा.

---

एरोबार | रविवार, सकाळी ६:३४

इथे कोणी आहे का? पोहणं थांबवलंय. पारसिकच्या डोंगरावर नुसता लखलखाट. सगळे शाळेच्या व्हरांड्यात.

---

शिट्टी | रविवार, सकाळी ६:३६

मी आहे. फोन खिशात घाल आणि हेल्मेट बघ, तुझा पट्टा उसवलाय.

---

सोनटक्का | रविवार, संध्याकाळी ७:४०

झालं. म्हणजे जे होऊ दिलं ते झालं.

पहाटे पोचलो तेव्हा पाऊस अगदी बेताचा होता. सायकल लावली, पाणी भरलं, तलावाच्या काठी उभं राहून हात फिरवत होते आणि आकाशात एक लांब पांढरी रेघ उमटली. शेजारची मुलगी मोठ्याने मोजायला लागली, अठरावर गडगडलं. शिट्टी यांनी लिहिलेलं आठवलं आणि मी स्वतःच टोपी काढली. मग व्हरांड्यात वाट बघणं. दोनदा घड्याळ शून्यावर गेलं. सातच्या सुमारास माईकवर सांगितलं, पोहणं रद्द, ड्युएथलॉन होईल.

खरं सांगू? त्या क्षणी मला सगळं गुंडाळून घरी जावंसं वाटलं. विजेशी कोण भांडणार, निर्णय बरोबरच होता. पण मागच्या दिवाळीपर्यंत मला पाण्यात तोंड घालता येत नव्हतं. रोज सकाळी लहान मुलांच्या बॅचमध्ये फळी धरून पाय मारलेत मी. या स्पर्धेत मला जे येत होतं ते नेमकं तेच होतं, आणि तेच काढून टाकलं. काही लोक खरंच निघून गेले. दोघं-तिघं फीसाठी वाद घालत होते. नवरा काही बोलला नाही, थर्मास उघडून चहा दिला.

धावणं साधं. पहिल्या किलोमीटरला डबकी चुकवली, मग सोडून दिलं, बूट तसेही पचपचत होते. थंडी वाजेल असं वाटलेलं, उलट अंगातून वाफा निघत होत्या. डॉक्टर, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. पाणी घोट घोट घेतलं म्हणून बरं.

सायकल मात्र मी कधी विसरणार नाही. वारा खाडीकडून आडवा. माझी हायब्रिड जड, ती हलत नव्हती. पण खोल रिमची चाकं लावलेली मुलं दर झुळकेला फूटभर बाजूला सरकत होती, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. प्रत्येक यू-टर्नला मी मनात "ऐंशीतले दहा गेले" म्हणायची. चौथ्या वळणाला एक जण माझ्या आतून गेला, पांढऱ्या पट्ट्यावर चाक आलं आणि तो बसल्या जागी सरकत दुभाजकापर्यंत गेला. उठला, कोपर सोलवटलेलं, साखळी चढवली आणि परत निघाला. वळणावरच्या मुलीने मला हाताने "हळू, हळू" केलं, ती पार भिजलेली होती, ओठ निळे पडलेले. तिला जाता-येता दर फेरीला थँक यू म्हटलं. गप्पगुमान, तुमचं तेव्हा आठवलं. सगळं संपल्यावर उरलेला चहा तिला दिला.

शेवटचे अडीच किमी पाय लाकडासारखे. एक तास बावन्न मिनिटं. माझ्या गटात शेवटून तिसरी. पडले नाही, घसरले नाही. सासूबाईंना पदक दाखवलं तर म्हणाल्या, "पोहण्याचं कुठंय?"

---

काठावरचा | रविवार, संध्याकाळी ८:०२

अभिनंदन! वडापाव?

---

सोनटक्का | रविवार, संध्याकाळी ८:०४

दोन. आणि कांदाभजी.

---

एरोबार | रविवार, रात्री ८:४५

माझ्या गटात तिसरा आलो. वळणं नेहमीसारखीच घेतली, नवे मऊ टायर होते, एकदाही घसरलो नाही. चौथा सोळा सेकंदांनी मागे. सांगून ठेवतो, बाकी काही नाही. पट्ट्याबद्दल शिट्टीसाहेबांचे आभार.

---

पारसिक_चढ | रविवार, रात्री ९:१०

अभिनंदन एरोबार, मनापासून. मत तेच.

सोनटक्का, उद्या धावू नका, चाला.

---

स्टेथो_ठाणे | रविवार, रात्री १०:५०

छान. डबकी "सोडून दिली" हे वाचलं. टाचेची पट्टी शेवटपर्यंत टिकली का? टिकली नसेल तर उद्याच कोणाला तरी दाखवा, ७२ तासांचं लक्षात आहे ना.

---

सोनटक्का | सोमवार, सकाळी ७:२०

पट्टी सुटली होती. आज ऑफिसहून येताना आमच्या डॉक्टरांकडे जाते.

आता विचारते. पोहणं राहिलंय ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तलावात पुन्हा कधी स्पर्धा होईल कुणास ठाऊक. समुद्रात पोहायला कुठे, कधी, कोणाबरोबर सुरुवात करावी?

---

भांगाचीभरती | सोमवार, सकाळी ११:३६

बाय, आतापर्यंत नुसता वाचत होतो. मी दिवाळे गावचा, बेलापूरचा. आमची होडी आहे.

आत्ता नको. नारळी पुनव होऊन गेली तरी हा परतीचा पाऊस आहे, वारा कधी फिरेल भरवसा नाही. कार्तिकात बघू. आणि आमच्या खाडीत नको, गाळ आहे, कारखान्यांचं पाणी आहे, ओहोटीला ओढ जबरी. उरणला पीरवाडीला जाऊ, वाळू आहे, उतार बरा आहे.

दिवस असा काढायचा. पुनवेला-अमावस्येला उधाण असतं, पाणी लई चढतं आणि लई ओढतं, नव्या माणसाला नाही जमत. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हलत नाही. आणि भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे आठ, आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती. पण तेव्हा थंडीत अंधार असतो. नवमी धरा, पावणेसातला भरती, उजाडलेलं असतं. भरतीच्या टोकाला पाणी अर्धा तास उभं राहतं, तेवढ्यात किनाऱ्याला समांतर पोहायचं, आत जायचं नाही. होडी मी आणतो, भगव्या रंगाची टोपी तुम्ही आणा, लांबून दिसते.

---

पारसिक_चढ | सोमवार, दुपारी १२:०८

मी येतो. कमरेला बांधायचा फुगा माझ्याकडे दोन आहेत, एक ताईंना.

---

गप्पगुमान | सोमवार, दुपारी १२:४०

कार्तिक वद्य नवमी ना? पंचांग बघून वार सांगा. रविवार पडला तर मीही येतो. पाण्यात उतरणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

---

काठावरचा | सोमवार, दुपारी १२:५५

गाडी कुठे लावायची तिथे?

---

भांगाचीभरती | सोमवार, दुपारी १:१०

सातच्या आत आलात तर कुठेपण. नंतर आलात तर मग मागे रस्त्यावर लावा आणि चालत या.